फुंकायच्या टेस्टमधला ‘वंश’ नावाचा रकाना

रायआवळा (धागाकर्ता)

मंडळी, मी वैद्यकातला नाही. चुकलो तर कान धरा.

बाबा ७१ वर्षांचे. चौतीस वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत काढली, तीही मोल्डिंगला, म्हणजे दिवसभर वाळूची धूळ. गेल्या वर्षी जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून पुण्यात पीएफटी केली, ती फुंकायची टेस्ट. एका दमात बाहेर आलेली हवा २.५५ लिटर, अपेक्षेच्या ७६ टक्के. शेरा: फुफ्फुसाची क्षमता कमी, पुढची तपासणी करा. मग ते इकडे ओहायोला माझ्याकडे आले. इथे परत फुंकायला लावलं. २.५४ लिटर. अपेक्षेच्या ८२ टक्के. शेरा: नॉर्मल.

दोन्ही कागद शेजारी ठेवून तासभर बसलो. वय तेच, उंची तीच. फरक एकाच रकान्यात. पुण्याच्या मशीनवर वंश ‘कॉकेशियन’, म्हणजे गोरा (मशीन आलं तेव्हापासून कुणी त्याला हात लावला नसावा), आणि इथे ‘अदर’. इथल्या मशीनमध्ये २०१२ ची समीकरणं आहेत, त्यात पर्याय पाच: कॉकेशियन, आफ्रिकन-अमेरिकन, ईशान्य आशियाई, आग्नेय आशियाई आणि इतर. अख्खा भारत ‘इतर’मध्ये. ‘इतर’ निवडलं की अपेक्षाच कमी होते, मग तीच हवा जास्त टक्के भरते.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, “म्हंजे अमेरिकेच्या हवेनं फुफ्फुसं सुधारली म्हण की.”

मग वाचत सुटलो. हे यंत्र १८४६ साली लंडनच्या जॉन हचिन्सनने लोकांपुढे आणलं. दोन हजारांवर माणसांना फुंकायला लावून त्याने दाखवलं की क्षमता उंचीप्रमाणे वाढते. इथवर ठीक. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने ते यंत्र गुलामांवर चालवलं आणि काळ्यांची क्षमता सुमारे २० टक्के कमी असं ठरवलं. त्याचा अर्थ काय लावला? शेतातली सक्तीची मेहनत त्यांच्या फुफ्फुसांना चांगली! याच माणसाने १८५१ मध्ये, पळून जाणाऱ्या गुलामांना ‘ड्रॅपेटोमॅनिया’ नावाचा आजार असतो, असंही लिहून ठेवलंय. तर असा हा रकाना. पुढे मशिनांत काळ्यांसाठी १०-१५ टक्के आणि आशियाईंसाठी ४-६ टक्के ‘दुरुस्ती’ बसवून मिळायला लागली.

प्रश्न एवढाच: ‘तुमच्या लोकांची फुफ्फुसं लहानच असतात’ असं धरून बाबा नॉर्मल ठरले, तर चौतीस वर्षांची धूळ गेली कुठे?

टिकोजी

धागा चांगला आहे, पण गाडी नेहमीच्या वळणावर जाणार हे दिसतंय. १८५१ मधला एक डॉक्टर नालायक होता, म्हणून आजची आकडेवारी खोटी होत नाही. वंशावंशांत फरक असतात. सिकलसेल हा रक्ताचा आजार काळ्यांना होतो, गोऱ्यांना होत नाही. आता हेही म्हणणं वंशवाद का? डॉक्टरने डोळे मिटून औषध द्यायचं?

पळसफूल

टिकोजी, सिकलसेलवर बोललात म्हणून लिहिते. मी गडचिरोलीत सिकलसेलच्या कामात अकरा वर्षं आहे. आमच्याकडे या, रुग्ण दाखवते. आदिवासी आहेत, बौद्ध आहेत, ओबीसी आहेत. तिकडे सातपुड्यात नंदुरबारला भिल्ल आणि पावरा समाजात आहे. भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ मध्ये, निलगिरीत. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस भागात तो आहे, तिथले लोक तुमच्या यादीत गोरेच. आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांत, जे काळेच, तो जवळपास नाही.

कारण साधं आहे. हा जीन कातडीच्या रंगामागे जात नाही, मलेरियामागे जातो. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे अर्धा जीन (आई-बापांपैकी एकाकडूनच आलेला) असलेली लेकरं जगली. नकाशा डासांचा आहे, वंशाचा नाही.

आणि ‘अमुक लोकांचा आजार’ म्हटल्यावर काय होतं तेही सांगते. ज्यांना विचारायचं त्यांना कोणी विचारत नाही. हातपाय दुखतात म्हणून एक पोरगी तीन वर्षं वाताच्या गोळ्या खात होती, कारण तिचं आडनाव डॉक्टरच्या डोक्यातल्या यादीत बसत नव्हतं. उलट ज्यांचं आडनाव बसतं, त्यांच्या पोरींची सोयरीक तपासणीच्या आधीच मोडते. सिकलसेलच्या पहिल्या तपासणीला, सोल्युबिलिटी टेस्टला, थेंबभर रक्त लागतं. ते घ्या ना. जात कशाला विचारता?

टिकोजी

पळसफूलताई, खोशांची माहिती नव्हती. सिकलसेलचं उदाहरण मागे घेतो. मूळ मुद्दा मात्र मागे घेत नाही.

डॉ_खोडरबर

मी किडनीवाला, नागपूर. धागाकर्त्यांनी फुफ्फुस काढलं, मी माझं दुकान उघडतो. या रकान्याची सगळ्यात ठळक गोष्ट आमच्याकडे घडली आहे.

रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा कचरा, किडनी तो बाहेर टाकते) पाहून किडनी किती टक्के चालते याचा अंदाज काढतात, त्याला ईजीएफआर म्हणतात. प्रत्यक्ष जीएफआर, म्हणजे किडनी किती वेगाने गाळते ते, मोजणं किचकट, म्हणून सूत्र. १९९९ च्या एमडीआरडी सूत्रात आणि मग २००९ च्या सीकेडी-ईपीआयमध्ये, रुग्ण काळा असेल तर आलेल्या उत्तराला गुणायचा एक आकडा होता. २००९ च्या सूत्रात तो १.१५९. अभ्यासातल्या काळ्या लोकांत त्याच जीएफआरला क्रिएटिनिन जास्त दिसलं, हे निरीक्षण खरं होतं. स्पष्टीकरण दिलं गेलं की काळ्यांचे स्नायू जास्त. स्नायू कुणी मोजले? त्या फंदात फारसं कुणी पडलं नाही.

आता हिशोब करा. अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या रांगेत तुमचा वेळ मोजायला सुरुवात होते ती जीएफआर २० किंवा खाली आल्यावर. गोऱ्याचं उत्तर १८ आलं, तो रांगेत. काळ्याचं तेच १८, गुणिले १.१५९, झाले जवळपास २१. हा रांगेबाहेर. तेच रक्त, तेच मशीन. आणि आई गोरी, बाप काळा असेल तर? सूत्रात त्याला उत्तर नव्हतं. काउंटरवरच्या माणसाने काय टिक केलं त्यावर.

विद्यार्थ्यांनी आणि तरुण डॉक्टरांनी आरडाओरडा केल्यावर तिथल्या दोन मोठ्या किडनी संघटनांनी समिती बसवली, आणि २०२१ मध्ये वंशाविना नवं सूत्र आलं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. जानेवारी २०२३ पासून तिथल्या प्रत्यारोपण केंद्रांना जुने कागद उकरून, त्या गुणाकारामुळे ज्यांचा वेळ बुडाला त्यांना तो परत द्यावा लागला. १४ हजारांहून जास्त काळ्या रुग्णांचा रांगेतला वेळ वाढवून मिळाला, सरासरी दोन वर्षं. वैद्यकात चूक मान्य करून वेळ परत दिल्याची उदाहरणं मी फार पाहिलेली नाहीत.

टिकोजींसाठी: आकडेवारी खोटी नव्हती. तिच्यावर चिकटवलेलं लेबल चुकीचं होतं. क्रिएटिनिन स्नायूंवर जातं, खाण्यावर जातं. माझ्याकडे पंचेचाळीस किलोची शाकाहारी आजी येते, क्रिएटिनिन ०.९, लॅबच्या कागदावर सगळं छान. किडनी तितकी छान नसते, स्नायूच नाहीत तर क्रिएटिनिन बनणार कुठून? तिथे मी सिस्टॅटिन-सी करून घेतो, ते स्नायूंवर फारसं अवलंबून नाही. महाग आहे, हे कबूल.

मिसळपाव_फॅन

वाखुसा (वाचनखूण साठवली). पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

भूलभुलैया

मी भूलतज्ज्ञ, नांदेड. आता थोडं टिकोजींच्या बाजूने बोलतो, कारण आमच्याकडे हा प्रश्न दर आठवड्याला टेबलावर येतो.

स्कोलीन नावाचं औषध आहे. नळी घालताना स्नायू ढिले पाडतं, पाच-दहा मिनिटांत उतरतं. उतरतं कारण रक्तातलं एक एन्झाइम त्याला तोडतं. काहींमध्ये ते एन्झाइम जन्मतः जवळपास नसतं. मग औषध उतरतच नाही. ऑपरेशन संपलं, टाके झाले, आणि पेशंट श्वास घेत नाही. घाबरायचं नाही, व्हेंटिलेटरवर ठेवून काही तास वाट पाहायची. पण हे आधी ठाऊक नसेल, तर त्या तासांत डॉक्टरचे केस पिकतात. माझे त्यातच पिकले.

आर्य वैश्य समाजात हा दोष इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो, यावर शोधनिबंध आहेत, जीनमधला नेमका बदलही सापडलाय. शतकानुशतकं आपापसात लग्नं झाली की असं होतं. आमच्या भागात हा समाज भरपूर आहे. मला शिकवणारे सर आडनाव वाचून स्कोलीनची बाटली बाजूला ठेवायचे. त्यांनी चूक केली का? मी तरी म्हणणार नाही.

पळसफूल

सर, आणि आडनाव बदललेलं असेल तर? लग्न होऊन आलेली असेल तर?

भूलभुलैया

बरोबर पकडलंत. माझी स्वतःची अशीच एक केस झाली. आडनाव काहीतरी भलतंच, माहेर आर्य वैश्य. तेव्हापासून मी आडनाव वाचणं सोडलं आणि प्रत्येकाला विचारतो: “तुमच्या घरात, आजोळी, कुणाला भूल उतरायला उशीर झाला होता का?” हा प्रश्न वीस सेकंदांचा. एकदा एका मुस्लिम पेशंटने सांगितलं, हो, मामूंना झाला होता. तपासलं, एन्झाइम कमी निघालं. आडनावाच्या यादीत तो सापडला नसता.

तरीही समाजाची माहिती मी डोक्यातून पुसून टाकणार नाही. संशय घ्यायला ती उपयोगी आहे. निर्णय घ्यायला नाही.

लेस्टरची_लेक

यूकेहून. इथे बीपीची गोळी ठरवताना अजून वंश आहे बरं का. नाइस या इथल्या सरकारी संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं साधारण अशी: डायबिटीस नसेल आणि वय ५५च्या आत असेल तर एक गोळी, पण तुमचं कूळ ब्लॅक आफ्रिकन किंवा आफ्रिकन-कॅरिबियन असेल तर वय काहीही असो, दुसरी.

आता आमची गंमत. नवरा मूळचा म्हापशाचा, जन्म नैरोबीचा. गोव्यातून तिकडे गेलेली बरीच कुटुंबं होती. सर्जरीत (इथे डॉक्टरच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात) फॉर्म भरणाऱ्या बाईंनी विचारलं, “आफ्रिकन ओरिजिन?” हा म्हणाला, “बॉर्न इन केनया.” झालं, पोचला आफ्रिकन रकान्यात. गोळीही त्याप्रमाणे. पायाला सूज येईपर्यंत कुणाच्या लक्षात नाही. (सूज त्या गोळीने कुणालाही येते, पण चूक सापडली ती त्यामुळे.)

अवांतर: हार्टचा धोका काढणाऱ्या इथल्या क्यूरिस्कमध्येही वंश आहे, पण तिथे भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी वेगवेगळे आहेत आणि सोबत पोस्टकोडवरून गरिबीही धरतात. मला ते निदान प्रामाणिक वाटतं.

टिकोजी

घ्या! म्हणजे वंश धरला तर आपल्याच फायद्याचं. आपल्या लोकांना हार्टचा त्रास दहा वर्षं आधी होतो हे कोण नाकारणार? अमेरिकेत २०१३ चं सूत्र होतं त्यात फक्त गोरे आणि काळे. आपल्याला गोऱ्यांत धरून धोका कमी दाखवत. आता तर अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२३ च्या ‘प्रिव्हेंट’ सूत्रातून वंश पूर्णच काढलाय. मग आपलं काय? सगळे सारखे म्हणून आपल्याला उशिरा पकडणार?

डॉ_खोडरबर

टिकोजी, हा तुमचा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे, आणि याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. बीएमआयचंही (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाईंसाठी २३ पासून सावध व्हा म्हटलं, आपल्याकडेही २३ला जास्त वजन आणि २५ला लठ्ठपणा धरतात. पंचवीसची वाट पाहिली असती तर माझे निम्मे मधुमेही ‘सडपातळ’ म्हणून घरी गेले असते.

पण पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा तो फोटो पाहिलाय का? २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. ते आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय २२.३. याज्ञिकांच्या अंगात चरबी २१.२ टक्के, युडकिन यांच्या ९.१. लोक हे दाखवून म्हणतात, बघा, वंश. याज्ञिकांचं आयुष्यभराचं काम मात्र वेगळंच सांगतं. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा त्यांनी अभ्यास केला. आई काय खाते, किती राबते, बाळ पोटात कसं वाढतं, इथे त्याची मुळं शोधली. बाळ जन्मतःच बारीक, पण स्नायू कमी आणि चरबी राखलेली. हा भुकेचा वारसा आहे. त्याला ‘वंश’ म्हटलं की आईच्या ताटाकडे बघायची गरजच उरत नाही.

२३चा आकडा मी वापरतोच. हातात टेप असेल तर कंबरही मोजतो.

केमिस्टकाका

माझे दोन पैसे. कार्बामाझेपिन, फिट्सची आणि चेहऱ्याच्या नसेच्या कळांची गोळी. काहींना तिने अंगाची कातडी सोलून निघते, जिवावर बेतते. एचएलए-बी*१५:०२ हा जीन असला तर धोका फार. डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने, एफडीएने, सांगितलं, आशियाई वंशाच्या रुग्णांत आधी ही टेस्ट करा. आता ‘आशियाई’ म्हणजे कोण? हान चिनी लोकांत हा जीन ८-१० टक्क्यांच्या आसपास, आपल्यात साधारण २-४, आणि जपानी-कोरियनांत एक टक्क्याहून कमी. एकाच शब्दात हे सगळे कोंबलेत.

आणि ते बायडिल आठवतंय का? २००५ मध्ये फक्त काळ्यांसाठी म्हणून मंजूर झालेली हार्ट फेल्युअरची गोळी. चाचणीत १०५० रुग्ण, सगळे काळे. मृत्यू ४३ टक्के कमी झाले, औषध चांगलंच आहे. पण त्या चाचणीत गोऱ्यांना देऊन पाहिलंच नाही, मग ‘फक्त काळ्यांसाठी’ कशावरून? आतली दोन्ही औषधं जुनी, स्वस्तात सुटी मिळणारी. वंशावरचं पेटंट मात्र २०२० पर्यंत लांबलं. माझ्या धंद्यातली माणसं हे वाचून गालात हसतील.

चाफेकळी

मला उलटी बाजू आठवली. २०२१ ची दुसरी लाट. घरोघरी ऑक्सिमीटर, ९४च्या खाली गेलं की बेड शोधायचा. ते यंत्र बोटातून लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश सोडून मोजतं, आणि गडद कातडीत ते चुकून जास्त आकडा दाखवू शकतं. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी छापलं होतं: यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन ८८च्या खाली, असं काळ्या रुग्णांत ११.७ टक्के वेळा, गोऱ्यांत ३.६. म्हणजे जिथे रंगाचा खराखुरा संबंध, भौतिकशास्त्राचा संबंध, तिथे रकानाच नव्हता!

आमचे सासरे सावळे नाही, चांगले काळे. बोट ९५ दाखवत होतं आणि ओठ निळसर. सासूबाई म्हणाल्या, “मशीन राहू दे, तोंडाकडं बघ.” त्यांच्यामुळे वाचले.

बखरकार

इरावतीबाई कर्वे यांचं नाव अजून कसं आलं नाही? १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये त्या पीएचडी करत होत्या, मार्गदर्शक ऑयगेन फिशर. हा पुढे नाझी वंशशास्त्राचा मोठा पुरोहित झाला. विषय दिला कवट्यांचा: गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी आणि म्हणून बुद्धी श्रेष्ठ, असं काही निघावं ही अपेक्षा. बाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या आणि लिहिलं, वंशाचा संबंध आढळत नाही. गुरूच्या तोंडावर. अर्थात पुढे इकडे येऊन त्यांनीही जातीजातींची डोकी मोजलीच, हेही विसरायला नको.

रायआवळा

एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

मधल्या काळात समजलं की २०२२ मध्ये फुंकायच्या टेस्टचंही वंशाविना समीकरण आलंय आणि २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने तेच वापरा म्हटलंय. इथल्या तंत्रज्ञाला विचारलं. म्हणाला, सॉफ्टवेअर अपडेट व्हायचंय.

अजून एक सापडलं आणि झोप उडाली. १९९९ मध्ये बाल्टिमोरमध्ये ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात कंपनीने मागणी केली होती की काळ्या कामगारांना नुकसान सिद्ध करायला जास्त कडक निकष लावा, कारण त्यांची फुफ्फुसं मुळातच लहान! त्या जागी मला बाबा दिसले.

डॉ_खोडरबर

रायआवळा, फुफ्फुस माझा प्रांत नाही, पण दोन गोष्टी. वंश काढल्याने सगळं गोड होतं असं नाही. अपेक्षा वर गेली की काहींना भरपाई मिळेल, आणि काहींना अग्निशमन दलातली नोकरी किंवा फुफ्फुसाचं ऑपरेशन नाकारलं जाईल. आणि ‘निरोगी भारतीयां’वरून काढलेली अपेक्षा तरी कुठली? ते निरोगी लोक चुलीच्या धुरात आणि अर्धपोटी वाढलेले असतील तर नुकसान आधीच सरासरीत मुरलंय.

म्हणून टक्के सोडा. बाबांची तुलना बाबांशीच करा. फाउंड्रीत वार्षिक मेडिकल व्हायचं का? जुना कागद शोधा.

रायआवळा

डॉक्टरसाहेब, सापडला! आईने पत्र्याच्या ट्रंकेतून काढून फोटो पाठवला. निवृत्तीच्या वर्षीचं मेडिकल, वय ५८. एका दमात ३.३० लिटर. आता २.५४.

डॉ_खोडरबर

तेरा वर्षांत ७६० मिली. वयाने वर्षाला २५-३० मिली उतरतं, म्हणजे फार तर चारशे. उरलेलं वयाचं नाही. दोन मशिनांचा फरक थोडा सोडला तरीही. छातीच्या डॉक्टरांना हे दोन आकडे, धुळीची चौतीस वर्षं, असं स्वच्छ लिहून द्या आणि एचआरसीटीचं (फुफ्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) विचारा. सिलिकोसिस, म्हणजे वाळूच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, निघाला तर तो कायद्याने सरकारला कळवायचा आजार आहे, तेव्हा कागद जपून ठेवा. त्या वेळचा एक्स-रे आहे का?

रायआवळा

एचआरसीटी पुढच्या गुरुवारी. एक्स-रे होता म्हणे, आईने त्यातून गणपतीच्या मखराच्या खिडक्या कापल्या.

टिकोजी

गुरुवारी काय निघालं ते इथे नक्की कळवा. मी वाट बघतोय.